पानमळ्याचा विटाळ

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या तोंडी लागू नये असं आमच्या नात्यागोत्यात सगळेच म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. ज्या घरात मी सून म्हणून गेले त्या घराबद्दल लिहायला घेतलं तेव्हा, गेलेल्या माणसांविषयी वाईट लिहू नये, असं मला दोघातिघांनी सुचवून पाहिलं. मी त्यावर विचार केला. ती माणसं जिवंत असताना माझ्याशी जशी वागली तशीच मी लिहिणार आहे. त्यांनी बरं वागायचं होतं.

माझं लग्न दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू असताना झालं. सासर राहुरी तालुक्यात, नगर-मनमाड सडकेच्या फाट्यापासून थोडं आत. घर खाऊनपिऊन सुखी. बाजरी, ज्वारी, थोडा ऊस, असं सगळं होतं, पण पंचक्रोशीत नाव होतं ते पानमळ्यासाठी. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला कोण आनंद झाला. पानमळ्याच्या घरात पोर चालली, आता तिचं तोंड कायम रंगलेलं राहील, असं ती शेजारणींना सांगत सुटली होती.

विडा खाणाऱ्याला वाटतं, वेल काय, कुठंही चढत असेल. तसं नसतं. पानवेलीइतकं नखरेल दुसरं काही मी रानात पाहिलेलं नाही. तिला ऊन सोसत नाही, थंडी सोसत नाही आणि वारं तर अजिबात नाही. शेवऱ्या आणि पांगारे दाट लावायचे, त्यांच्यावर वेल चढवायची, जागोजाग लव्हाळ्यानं बांधायची, मोटेचं पाणी पाटानं खेळतं ठेवायचं आणि चारी बाजूंनी कडब्याच्या ताट्या उभ्या करायच्या. आत शिरलं की भर दुपारी अंधारल्यासारखं वाटायचं. अंगाला गारवा लागायचा. वैशाखातसुद्धा सकाळी पानांवर दहिवर दिसे, आणि ते पुसून पानं खुडावी लागत. बाहेर लोक उन्हानं तळमळायचे आणि आमच्या मळ्यात काम करणारे गडी बिनघामाचे बाहेर यायचे.

हे सगळं ताट्यांनी होत होतं असं नाही. मळ्याच्या पश्चिमेला ओढा होता आणि ओढ्याच्या काठानं लांबवर राई होती. जांभळं, करंज, चिंचा, मधूनच एखादा आंबा, आणि बाहेरच्या अंगाला बाभळी. कुणी लावलेली नव्हती, आमच्याच हद्दीत आपोआप वाढलेली होती. आमच्या भागात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटतं. माळावरून तापून येतं, तोंड भाजतं. ते वारं राईत शिरायचं आणि मळ्यात पोचेपर्यंत त्याचा सगळा जोर गेलेला असायचा. मला हे कुणी शिकवलं नाही. जेवणाची पाटी घेऊन रोज त्याच वाटेनं जाणाऱ्या कुणाही बाईला ते अंगावर कळायचं.

मळ्याचे नेम मात्र पहिल्याच दिवशी शिकवले गेले. वहाणा बाहेर काढायच्या. अंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आणि बाईमाणसानं बाहेर बसायच्या दिवसांत तर मळ्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, कारण वेलीला विटाळ चालत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सांगताना अशा काही माझ्याकडे बघत होत्या की मी जणू विटाळ गाठीला बांधूनच माहेराहून आले होते. गडी तंबाखू थुंकायचे ते वेलीला चालायचं. बैल शेण टाकायचे तेही चालायचं. मी एकदा थोरल्या जाऊबाईंना हे हळूच म्हणून बघितलं. त्यांनी तसंच्या तसं आत्याबाईंच्या कानावर घातलं, आणि त्या दिवसापासून मी तोंडाळ ठरले.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावात शब्दाचे पक्के म्हणून प्रसिद्ध होते. घरात त्यांचा शब्द पक्का असायचं कारण वेगळं होतं. तिथं दुसऱ्या कुणाला शब्दच नव्हता. थोरले दीर मोट हाकायचे आणि मान हलवायचे. माझे यजमान धाकटे, ते मळ्यात वेली बांधायचे आणि मान खाली घालायचे. यजमानांच्या हाताला कसब होतं, वेल कशी धरावी, कुठं सैल सोडावी हे त्यांच्याकडून बघावं. स्वभावानं चांगला माणूस. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. म्हणून तर त्यांचा मला बाकीच्यांपेक्षा जास्त राग आहे.

आता मोटारीचं सांगते. आमची पानं करंड्यांत भरून बैलगाडीनं नगरच्या बाजारात जायची. गाडी पोचेपर्यंत वरचे थर मलूल व्हायचे आणि नगरचे व्यापारी नाक मुरडायचे. सडकेनं मोटार जायची, पण लढाईमुळं पेट्रोल सगळं लष्कराकडं. मग मोटारवाल्यांनी तोड काढली होती. मोटारीच्या मागच्या अंगाला माणसाएवढी लोखंडी टाकी बसवायची, तीत लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर मोटार चालवायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. धूर इतका की मोटार गेल्यावर सडकेवरची माणसं खोकत बसायची. पण मोटार ती मोटार. मामंजींना तिचं भारी अप्रूप होतं.

एका दिवाळीनंतर त्या मोटारीचा मालक आमच्या घरी आला. ओसरीवर बसला, आमच्याच मळ्यातला विडा खाल्ला आणि म्हणाला, "कोळसा मिळंना, म्हनून मोटार दिवसाआड सोडावी लागती. तुमी कोळशाची सोय करा. मी रोज तुमच्या फाट्यावर मोटार थांबवतो. पानं ताजीच्या ताजी नगरात."

मामंजींनी सुपारी कातरता कातरता ओढ्याकडं पाहिलं. आतल्या दारामागं आम्ही तिघी बायका उभ्या होतो. मला ते बघणं अजून दिसतं. इतकी वर्षं उभी असलेली राई त्या माणसानं एका नजरेत कोळसा करून टाकली.

"झाडं काय, पुन्हा उगवतील," ते म्हणाले. "पानांचा बाजार गेला तर तो न्हाई उगवायचा."

थोरल्या दिरांनी मान हलवली, यजमानांनी खाली घातली. माझ्या ओठावर आलं होतं, पण मी नवी सून, आणि तोंडाळ म्हणून आधीच नाव झालेलं. शिवाय विचारलं होतं कुणी?

भट्टीवाले अकोले तालुक्याच्या डोंगरातून आले. आधी बाभळी गेल्या, मग करंज, मग चिंचा. जांभळाचा कोळसा चांगला होत नाही म्हणून जांभळं उरतील असं वाटलं होतं, पण मोटारीच्या टाकीला चव नसते. तीही गेली. लाकडं रचायची, वर पाला आणि माती लिंपायची आणि आत विस्तव सोडायचा. त्या भट्ट्या कितीतरी दिवस धुमसत होत्या. घरात, लुगड्यांत, भाकरीत धुराचा वास. रात्रभर वटवाघळं राईच्या जागेवर घिरट्या घालायची, मग एक दिवस ती यायची बंद झाली. थंडीत मळ्यावर गार वारं यायला लागलं तेव्हा मामंजींनी पश्चिमेकडच्या ताट्या दुप्पट उंच करायला सांगितल्या. हे ध्यानात ठेवा. चारी बाजूंच्या नव्हेत, फक्त पश्चिमेच्या.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. पहिल्यांदा पानांवरचं दहिवर गेलं. सकाळी हात लावला तर पान कोरडं. मग पाटाचं पाणी दुपार व्हायच्या आत आटायला लागलं, थोरले दीर मोट दोनदा जुंपायला लागले आणि विहिरीनं तळ दाखवला. ओढ्यातली डबकी दरवर्षी वैशाखापर्यंत टिकायची, ती कधी गेली कळलंही नाही. आणि चैत्राच्या अखेरीला एका दुपारी पश्चिमेचं वारं सुटलं. मी जेवणाची पाटी घेऊन वाटेवर होते. ओढा ओलांडताना दरवर्षी सावलीत क्षणभर थांबायची सवय, म्हणून थांबले, आणि चुलीतून तोंडावर झळ यावी तसं झालं. पुढं ताट्या धडाधड आपटत होत्या. दोन उन्मळून पडल्या होत्या. वारं सरळ मळ्यात घुसत होतं.

पश्चिमेकडच्या ओळींची पानं आठवड्याभरात कडेनं पिवळी पडली, मग वळली, मग तपकिरी झाली. हातात घेतली की पापडासारखी मोडायची. गडी पाणी मारत होते, गोणपाटं भिजवून टांगत होते. यजमान एकेका वेलीपाशी उभे राहायचे आणि पुढच्या वेलीपाशी जायचे. निम्मा मळा गेला. ज्या मोटारीसाठी हे सगळं केलं ती रोज फाट्यावर थांबायला लागली ती नेमकी आता; भोंगा वाजवायची आणि रिकामीच पुढं जायची, कारण उरलेल्या निम्म्या मळ्यातही खुडण्याजोगं पान नव्हतं.

आता कुणालाही वाटेल, की त्या घरात एक तरी माणूस म्हणेल, बाबांनो, राई तोडली ती चूक झाली. कुणी म्हणालं नाही. आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "विटाळ झाला गं मळ्याला!" आणि घरातलं वारंच फिरलं. मळा जळाल्याचं दुःख मागं पडलं आणि शोध सुरू झाला. आत्याबाईंचं वय गेलेलं, त्यांचा प्रश्न नव्हता. उरलो दोघी.

जाऊबाई हुशार. त्यांनी वेळ घालवला नाही. "धाकटी परवा मळ्यात गेल्ती," त्या म्हणाल्या, "अंघूळ केलीवती का न्हाई, देव जानं. मी काय कुनाचं नाव घेत न्हाई."

नाव न घेता किती नेमकं नाव घेता येतं हे मी त्या दिवशी शिकले. मी गेले नव्हते. माझे ते दिवस होते आणि मी गोठ्याच्या पडवीत बसलेली होते, तीन दिवस तिथून हललेही नव्हते. मी तसं सांगितलं. ओरडून सांगितलं, कारण हळू बोललेलं त्या घरात ऐकू जात नसे. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी बाहीर बसलीवती ते खरं!" नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथं मळा राखता येईना म्हणून सून वाकडी झाली.

हे नुसतं बोलण्यावारी जाणारं नव्हतं. विटाळानं मळा जाळलेली बाई घरात ठेवत नसत. तिला माहेरी घालवायचं, आणि मग पुढं नवऱ्याचं दुसरं लग्न लावायला कुणाची ना नसे. माझे वडील नेवाशाला शाळामास्तर. माझ्या पाठची बहीण लग्नाची होती. पानमळा जाळून परत आलेली थोरली बहीण ज्या घरात बसलेली आहे, त्या घरची मुलगी कोण करणार? मला काय काय जाणार होतं ते लख्ख दिसत होतं.

मामंजींनी कौल लावायचं ठरवलं. मळ्याच्या उत्तरेच्या टोकाला म्हसोबा होता, शेंदूर लावलेला गुडघ्याएवढा दगड, उत्तरेला तोंड करून बसलेला. शेजारच्या गावाहून भगत आणला. त्यानं कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक चिकटवली. उजवी आधी पडली तर घर निर्मळ. डावी आधी पडली तर विटाळ धाकट्या सुनेचा. घरचे सगळे होते, गावातले चार वडीलधारे होते. मला समोर उभं केलं होतं. दुपार कलली होती आणि वारं सुटलं होतं.

डावी पाकळी पडली.

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मामंजी म्हणाले, पुन्हा लावा, अन्याय नको. अन्यायाची त्यांना फार काळजी. भगतानं पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा डावी पडली. तिसऱ्यांदा लावताना मी देवाकडं न बघता पाकळीकडं बघत होते. देवाचं तोंड उत्तरेला, म्हणजे त्याचा डावा खांदा पश्चिमेला. वाऱ्याचा झोत सरळ त्या खांद्यावर येत होता. पाकळीची कड आधी वाळली, मग फडफडली, मग उचलली गेली. उजवी दगडाच्या आडोशाला निवांत बसून होती. ज्या वाऱ्यानं मळा जाळला तेच वारं मला दोषी ठरवत होतं, आणि हात जोडून उभ्या असलेल्या एवढ्या माणसांना ते दिसत नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेजारी एक मोडकी ताटी पडली होती. मी ती उचलली आणि देवाच्या पश्चिमेला आडवी धरून उभी राहिले.

"आता लावा कौल," मी म्हणाले.

एकच गिल्ला झाला. मामंजी ओरडले, "सोड ती ताटी!" जाऊबाई "अगं बया!" करून दूर सरल्या. भगत माझ्याकडं आ वासून बघत राहिला. पण त्या चार वडीलधाऱ्यांपैकी एकजण, बहुधा घरी जायला उशीर होतोय म्हणून, म्हणाला, "लाव की रं, बघू तरी." भगतानं चडफडत पाकळ्या लावल्या.

पडल्या नाहीत. ना डावी, ना उजवी. आम्ही वाट बघत राहिलो. ताटी वाऱ्यानं माझ्या अंगावर रेटत होती, कडब्याची धसकटं दंडाला टोचत होती, हात भरून आले होते. तरी मी सोडली नाही. लोक या पायावरचा भार त्या पायावर घेऊ लागले. पाकळ्या देवाच्या खांद्यावर तशाच. मी यजमानांकडं पाहिलं. एवढ्या वेळात एक शब्द, एकच शब्द त्यांनी टाकला असता तर पुरला असता. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते.

शेवटी भगत उठला. "देव बोलंना," तो म्हणाला. "या बाईनं देवाचं तोंड दाबलं."

झालं. आधी नुसता विटाळ होता, आता देवाचा अपमानही माझ्या खाती पडला. मामंजींनी तिथल्या तिथं शब्द दिला. "उद्या हिला माहेरी घालवा. मळा नव्यानं फुटंस्तवर आनायची न्हाई." आणि मामंजी शब्दाचे पक्के होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले दीर मला घेऊन फाट्यावर आले. मोटार आली, थांबली. तिच्या आगमनासाठी राई तोडली, पण त्या फाट्यावरून तिच्यात चढलेला आमच्या घरचा पहिला माल म्हणजे मी. मला मागची जागा मिळाली, टाकीजवळची. चढावर क्लीनर उतरला आणि टाकीत कोळसा ओतायला लागला. काळेभोर तुकडे, काहींवर अजून सालीच्या रेघा होत्या. बाभूळ होती ती. आमचीच असणार, दुसऱ्या कुणाची? टाकीची धग पाठीला लागत होती आणि मागं धुराचा लोट सडकेवर पसरत होता. मी रडले नाही. नगरला उतरून नेवाशाची मोटार धरेपर्यंत मी मनातल्या मनात त्या घरातल्या एकेकाला शिव्या घालत होते. दिरांनी मला वडिलांच्या दारात सोडलं आणि पाणीही न घेता परत गेले.

हल्ली शिकलीसवरलेली माणसं सांगतात की पृथ्वी तापली. माणसानं रानं तोडली, कोळसा जाळला, धूर केला, म्हणून हवा फिरली, पाऊस फिरला, झळा वाढल्या. सांगतात ते अशा आवाजात, की काही नवीनच सापडलंय. मला त्याचं नवल वाटत नाही, चीड येते. आमच्या घरानं हे सगळं एका हंगामात करून दाखवलं होतं. राईचा कोळसा केला, त्याचा धूर मोटारीच्या मागून सोडला, राईच्या जागेतून येणारं ऊन-वारं मळ्यावर घेतलं आणि वर एक सून शोधून काढली. एका ओढ्यापुरतं होतं, म्हणून लोकांना ते छोटं वाटेल. आता म्हणे सगळ्या जगाचं तसंच चाललंय. तिथं सून म्हणून कुणाला उभं करतात, ते मी रोज वर्तमानपत्रात बघत असते.

नेवाशाचं ते वर्ष वाईट गेलं. वडील मला काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पारावर बसायला जायचे ते त्यांनी सोडलं. आई सारखी रडायची आणि मग माझ्यावरच ओरडायची, "ताटी कशाला धरलीस? गप उभी राहिली असतीस तर?" शेजारणी मुद्दाम विड्याची पानं मागायला यायच्या. "असतील ना तुमच्याकडं? पानमळ्यात दिलीय ना लेक?" पाठच्या बहिणीला बघायला येणारं एक घर आलंच नाही. ती माझ्याशी चांगली वागायची, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागायचं.

पाऊस पडल्यावर मळा फुटला, ही बातमी आषाढात आली. जळालेल्या वेलींना खालून कोंब आले होते. म्हणजे मामंजींची अट पुरी झाली. मी रोज दाराकडं बघायची. कुणी आलं नाही. श्रावणात वडिलांनी माणूस पाठवला, तेव्हा आत्याबाईंनी निरोप दिला, एक उन्हाळा पार पडू द्या, मग बघू. मला जायचं होतं. इतका राग असून जायचं होतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. दुसरी जागाच नव्हती. आणि मला माझा नवरा आवडायचा. वेल बांधताना तो जसा बोटांनी सैल गाठ मारायचा, तसं कुणी आपल्याशी वागावं असं मला वाटायचं.

पुढच्या वैशाखात एका सकाळी यजमान स्वतः दारात उभे राहिले. उन्हानं काळवंडलेले, टोपी घामानं भिजलेली. आईची नुसती धावपळ उडाली. वडील शाळेतून सुट्टी टाकून घरी आले. यजमान ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "न्यायला आलोय. आबांनीच धाडलं." आबा म्हणजे मामंजी.

मी आत गेले आणि लुगडी गोळा करून बोचकं बांधलं. आनंदाच्या भरात गाठ दोनदा मारली. बोचकं काखेला मारून मी बाहेर आले आणि उंबऱ्यात उभं राहून, सहज विचारावं तसं विचारलं, "मळा कसा हाय?"

"जळाला," ते म्हणाले. "गेल्या खेपेला निम्मा तरी राहिल्ता. औंदा सगळाच."

मला हसू आलं. आईनं माझ्याकडं डोळे वटारले, पण मला आवरेना. मी नेवाशात, मळा राहुरीत, आणि तरी जळाला. "मग माझा विटाळ नव्हता ना?" मी म्हणाले.

"न्हाई. म्हनून तर आलो."

"मग कुनाचा?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मोठ्या वहिनीला धाडलं तिच्या माहेरी. परवाच."

पहिल्यांदा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? नाव न घेता नाव घेणारी ती बाई आता कुठल्यातरी दारात बसली असेल, शेजारणी तिला पानं मागत असतील, हे डोळ्यांपुढं येऊन माझं मन निवलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. काखेतलं बोचकं एकदम जड वाटायला लागलं.

"राई कुनी तोडली?" मी विचारलं.

"आबांनी."

"मग आबांना कुनाच्या माहेरी धाडलंत?"

वडील खाकरले. आई "अगं, गप की!" म्हणाली. यजमानांनी आईकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं, आणि मग मला समजवावं तसं, अगदी मऊ आवाजात बोलले. मळ्यात वेलीशी वागायचे तसे.

"हे बघ. पश्चिमेचं वारं हाय, दुसरं काय न्हाई. मला ठाऊक हाय. आबांनाबी ठाऊक हाय, कौल लावायच्या आदीच ठाऊक हुतं. सगळ्यांना हाय. पर बोलून काय उपेग? राई काय परत आनता येती? बाईमानसाचं तसं न्हाई. धाडता येतं, परत आनता येतं. आता आलोय का न्हाई तुला न्यायला?"

ते मनापासून बोलत होते. मला धीर देत होते. दोन-चार वर्षांत सगळं जिथल्या तिथं होईल, वहिनीलाही आणू, असं पुढं म्हणत होते. मी ऐकत उभी होते. वर्षभर मी समजत होते की त्यांना कळत नाही, अडाणी आहेत, देवाला भितात. मी त्यांना अडाणी समजून माफ करायच्या बेतात होते.

मी आत गेले. बोचकं सोडलं आणि लुगडी पुन्हा वळणीवर टाकली. आई माझ्या मागं मागं येऊन हळू आवाजात विनवत होती, पाया पडते म्हणत होती, बहिणीचा तरी विचार कर म्हणत होती. मी बहिणीकडं पाहिलं. ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. तिनं वर न बघता नुसती मान हलवली, जाऊ नकोस अशी. मग मी कुणाचंच ऐकलं नाही.

यजमान बराच वेळ ओट्यावर बसून होते. वडिलांनी आईला सांगून त्यांना जेवायला वाढलं. ते जेवले, हात धुतले आणि दुपारच्या मोटारीनं परत गेले.